जुनी छोटी मोटार घ्यायचीय? आधी कागद, मग पत्रा, इंजिन सगळ्यांत शेवटी

ताडपत्रीखालची गाडी दिसली की नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "सुरू होते का?" मीही हाच विचारला होता. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, चिंचेच्या झाडाखाली, १९७९ सालची फिकट पिवळी पद्मिनी उभी होती. मालकांनी बॅटरी आणून लावली, चोक ओढला, आणि चौथ्या प्रयत्नाला गाडी धूर सोडत सुरू झाली. मी तिथल्या तिथे बयाणा दिला. ती गाडी नावावर करण्यात माझे चौदा महिने गेले आणि तरी ती झाली नाही. आरसी बुक मालकांच्या वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, भावंडं चार, आणि त्यातल्या एकाशी बोलणं बंद. शेवटी बयाणा परत घेऊन बाहेर पडलो. इंजिन अगदी उत्तम होतं, तेवढं मात्र सांगायला हवं.

तेव्हापासून गाडी बघायचा माझा क्रम उलटा झाला: कागद, पत्रा, काच-रबर-क्रोम, आणि मग वेळ उरलाच तर इंजिन. या छोट्या गाड्यांचं इंजिन नाना पेठेतल्या सुट्या भागांवर आणि एखाद्या जुन्या फिटरच्या हातावर पुन्हा उभं राहतं. सडलेला पत्रा उभा करायला पैसे लागतात आणि हरवलेला कागद उभा करायला नशीब. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे. ज्यांनी अजून एकही गाडी उघडलेली नाही, त्यांच्यासाठी.

घरी आधी काय ठरवायचं

जागा. सोसायटीत तुमच्या नावाचं एकच पार्किंग असेल आणि त्यात रोजची गाडी लागत असेल, तर हा नाद सध्या ठेवा बाजूला. दोन वर्षं उभी राहणारी, चाकं काढलेली गाडी सोसायटीच्या सभेत विषयपत्रिकेवर येतेच. रस्त्यावर उभी केली तर महापालिकेचं बेवारस वाहनांचं पथक नोटीस चिकटवून उचलून नेईल. डोक्यावर छप्पर हवं, खाली फरशी किंवा कोबा हवा. मातीवर उभ्या गाडीला ओल खालून खाते. गावाकडे वडिलोपार्जित घराची पडवी असेल तर उत्तम, पण मग दर रविवारी तिथे जाल का, हे स्वतःला खरं खरं विचारा.

वेळ आणि पैसा यांबद्दल शेवटी बोलतो, कारण इथे आकडा सांगितला तर तुम्ही पुढे वाचणार नाही.

कोणती गाडी

पुण्यात राहून, माफक पैशांत, सुटे भाग मिळतील अशी छोटी गाडी म्हटली की खरं तर दोनच नावं उरतात: फियाट-पद्मिनी आणि मारुती ८००. बाकीच्या गाड्या सुंदर असतात, पण पहिला प्रकल्प म्हणून त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ती १९६४ पासून 'डिलाइट' म्हणून बनत होती, १९७४ पासून तिला पद्मिनी नाव मिळालं, आणि २००० सालाच्या आसपास उत्पादन थांबलं. त्याआधीच्या, पन्नाशीच्या दशकातल्या गोल पाठीच्या फियाटला आपल्याकडे सरसकट 'डुक्कर फियाट' म्हणतात. कोणी डुक्कर विकतोय म्हणाला तर दचकू नका, पण किंमत ऐकून दचकण्याची तयारी ठेवा. ती आता संग्राहकांची गाडी आहे.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव). गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), चारही चाकांना ड्रम ब्रेक. नवशिक्याला हे सगळं वरदान आहे, कारण बॉनेट उघडलं की प्रत्येक वस्तू दिसते, हात पोचतो, आणि कुठेही संगणक नाही. मुंबईत हजारो काळ्यापिवळ्या टॅक्स्या याच गाडीच्या होत्या. शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. टॅक्सीवाल्यांमुळेच भागांचा बाजार इतकी वर्षं टिकला, आणि अजूनही बऱ्यापैकी टिकून आहे. मात्र टॅक्सीची खासगी केलेली पद्मिनी कोणी दाखवली, तर ते रूपांतर आरसीत नोंदलेलं आहे का ते आधी बघा. अशा गाडीचा मूळ पत्रा किती उरलाय, हा पुढचा प्रश्न.

मारुती ८०० अजून 'क्लासिक' वाटत नाही, म्हणूनच ती स्वस्त आहे. पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. पहिल्या तीन वर्षांतला चौकोनी, खोकेवजा आकार जाणकार लगेच ओळखतात, त्याला ते एसएस ८० म्हणतात. १९८६ मध्ये आकार बदलला आणि तोच थोड्याफार फरकाने २०१४ पर्यंत चालला. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पुढच्या चाकांना ताकद. भाग आजही गल्लोगल्ली मिळतात. एक पुणेरी तपशील लक्षात ठेवा: नव्या प्रदूषण नियमांमुळे एप्रिल २०१० पासून पुण्यासह तेरा शहरांत ८००ची विक्री थांबली. म्हणजे पुण्यात नवीन घेतलेली प्रत्येक ८०० आता पंधरा वर्षं ओलांडून गेली आहे, आणि तिची नोंदणी नूतनीकरण झालेली आहे का, हा पहिला प्रश्न ठरतो.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा हात काळे करणाऱ्याने कार्ब्युरेटरवाली, नव्वदीच्या दशकातली ८०० घ्यावी. त्यात चुका स्वस्तात होतात. पण हे कोणी ऐकत नाही, सगळ्यांना पद्मिनीच हवी असते. मलाही हवी होती.

स्टँडर्ड हेराल्डबद्दल थोडं सांगतो, कारण ती दिसली की माणूस विरघळतो. १९६१ पासून दशकभर मद्रासमध्ये बनलेली ही गाडी इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची बहीण. आकार इटलीच्या मिकेलोत्तीने काढलेला. बॉनेट उघडलं की पुढचे मडगार्डही त्याच्यासकट वर उचलले जातात, पुढच्या चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी आहे, त्यामुळे बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. शिकायला हिच्यासारखी गाडी नाही. पण काचा, दिवे, पट्ट्या मिळता मिळत नाहीत. आणि पुढच्या चाकाच्या खालच्या ट्रनियनला, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्याला, ग्रीस चालत नाही, गिअर ऑइल लागतं. हे माहीत नसलेल्या प्रत्येक सर्व्हिस स्टेशनने वर्षानुवर्षं तिथे ग्रीस कोंबलेलं असतं, आणि तो भाग झिजून एक दिवस चाक आत दुमडतं. हेराल्ड घ्यायची तर दुसरी गाडी म्हणून घ्या.

शोधायची कुठे

मोबाइलवरच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवर गाड्या दिसतात, बघा जरूर, भावाचा अंदाज येतो. पण तिथे 'व्हिंटेज' हा शब्द घातला की किंमत दुप्पट होते, आणि १९९६ची ८००सुद्धा 'व्हिंटेज' असते. खरी स्वस्त गाडी जाहिरातीत येत नाही. ती कुठल्या तरी वाड्याच्या बोळात किंवा कोथरूड, सहकारनगर, मॉडेल कॉलनीतल्या जुन्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, धुळीच्या थराखाली उभी असते.

अशा गाड्या बाहेर येण्याची एक हमखास वेळ असते, ती म्हणजे पुनर्विकास. तीस-चाळीस वर्षांची सोसायटी बिल्डरकडे गेली की पार्किंग रिकामं करायची तारीख ठरते. ज्या गाडीला वीस वर्षं कोणी हात लावला नाही, तिचं काय करायचं हा प्रश्न घराला तेव्हा पहिल्यांदा पडतो. भंगारवाला येऊन वजनावर भाव सांगून गेलेला असतो. त्या पंधरवड्यात तुम्ही पोचलात तर गाडीही वाचते आणि तुमचे पैसेही. म्हणून आपल्या भागात कुठल्या इमारती पुनर्विकासाला निघाल्यात, यावर नजर ठेवा. फाटकावर फलक लागलेले असतातच.

माहिती कोणाकडून मिळते? वॉचमनकडून, इस्त्रीवाल्याकडून, पेपर टाकणाऱ्या मुलाकडून. मला माझी आत्ताची गाडी इस्त्रीवाल्या मामांनी दाखवली. त्यांचं टेबल वर्षानुवर्षं त्या गाडीला टेकून होतं. दुसरा मार्ग म्हणजे जुने गॅरेजवाले. पासष्टीच्या पुढचा, फियाटवर वाढलेला फिटर शोधा. त्याच्या डोक्यात अख्ख्या पेठेच्या गाड्यांची यादी असते. त्याच्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि पहिल्याच दिवशी भाव विचारू नका. दोन-तीनदा चहा होऊ द्या.

मालकांकडे जाताना "गाडी विकायची आहे का?" हे पहिलं वाक्य नको. बहुतेक वेळा दारात एखादे आजोबा किंवा काकू असतात, आणि गाडी यजमानांची किंवा वडिलांची असते. मी साधारण असं बोलतो:

"काकू, खाली उभी आहे ती फियाट तुमची का? कुठल्या सालची?"

"अहो, ह्यांची आहे. ब्याऐंशीची. आठ वर्षं नंबर लावला होता, तेव्हा मिळाली."

"मग लांबचा प्रवास केला असेल."

"महाबळेश्वर, गणपतीपुळे… धाकटीला तर बाळंतपणाला हीतूनच नेलं."

एवढं ऐकून झालं की मग त्याच विचारतात, "का हो, घ्यायचीय का तुम्हाला?" त्या दिवशी आकडा बोलू नये. घरात दुःख ताजं असेल तर महिना-दोन महिने थांबा. गाडी कुठे जात नाही, आणि घाई करणाऱ्या माणसाला पुणेकर गाडी देत नाहीत.

गावाचा विचार करताना हवा लक्षात घ्या. रत्नागिरी, अलिबाग, मुंबईची गाडी दिसायला चकचकीत असली तरी खारी हवा आतून पोखरते. सोलापूर, फलटण, नगरकडच्या गाडीचा रंग उन्हाने उडालेला असेल, डॅशबोर्ड तडकलेला असेल, पण पत्रा कोरडा असतो. मी तर रंग उडालेलीच गाडी पसंत करतो. त्यात लपवालपवी कमी.

पुण्यातला जुना बाजार ही गाड्या शोधायची जागा नव्हे. बुधवारी आणि रविवारी तिथे चक्कर मारायची ती पाने, दिवे, हबकॅप, एखादं बंद स्पीडोमीटर यांसाठी.

कागद

गाडी बघायला जाताना आरसी बुकाचा फोटो आधी मागवा. फोटो येत नसेल तर पेट्रोल जाळू नका.

आरसीवरचं नाव आणि समोर बसलेला माणूस एकच आहे का? असेल तर काम सोपं. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात, विकणाऱ्याची सही दोन्हींवर, आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा. मूळ मालक हयात नसतील तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ने गाडी व्हायला हवी. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, हे सगळं विकणाऱ्याने करायचं असतं. "तुम्ही करून घ्या, आमची काही हरकत नाही" या वाक्यावर माझे चौदा महिने गेले. आता मी सरळ सांगतो, काका, गाडी तुमच्या नावावर झाली की फोन करा, त्याच दिवशी पैसे घेऊन येतो. मधल्या काळासाठी फार तर हजार-दोन हजारांचा बयाणा, तोही पावतीवर.

मग मुदत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी तपासून घेऊन दर पाच वर्षांनी नूतनीकरण. याचं शुल्क आता किरकोळ राहिलेलं नाही. २०२२ पासून मोटारीला ५,००० रुपये झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ते १०,००० झालं. वर राज्याचा हरित कर आणि उशीर झाल्याचा दंड. पंधरा वर्षं झोपलेल्या गाडीचा हा हिशेब आधी काढून घ्या आणि भावातून वजा करायला लावा. तपासणीला गाडी चालती लागते, म्हणजे मुदत संपलेली गाडी घेतली तर आधी दुरुस्ती, मग पासिंग असा उलटा प्रवास होतो. तोवर ती रस्त्यावर चालवता येत नाही.

जुन्या गाड्यांची आणखी एक गंमत म्हणजे त्यांची नोंद संगणकात नसते. एमएच १२ यायच्या आधीचा, तीन अक्षरी मालिकेचा नंबर असेल तर तो 'परिवहन'च्या संकेतस्थळावर टाकून बघा. काहीच आलं नाही तर आरटीओत 'बॅकलॉग एंट्री' करून घ्यावी लागेल. संगम पुलाजवळच्या कार्यालयात जुनं रजिस्टर सापडलं तर ठीक. म्हणून मूळ आरसी बुक, फाटकं का असेना, हातात हवंच. हरवलं असेल तर दुसरी प्रत फॉर्म २६ने मालकानेच काढायची. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली किंवा राज्यातली असेल तर तिथल्या कार्यालयाचा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल, भले तो १९८५चा असो, तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. ती बँक एव्हाना दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते, ही वेगळी करमणूक.

जागेवर गेल्यावर चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा. कागद ठेवून पेन्सिल घासली की नंबर उमटतो, लहानपणी नाण्यावर करायचो तसं. इंजिन नंबर आरसीशी जुळत नसेल तर इंजिन बदललेलं आहे आणि नोंद केलेली नाही. हे दुरुस्त होतं, पण भाव पाडायला चांगलं कारण आहे. चासी नंबर जुळत नसेल, किंवा त्या जागी वेल्डिंग दिसत असेल, तर चहा पिऊन निघा. काही समजावत बसू नका.

पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आहे. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. ऐकायला छान वाटतं, पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. शिवाय चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी भजी खायला जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी.

पत्रा

सोबत न्यायच्या वस्तू: विजेरी, रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक, छोटा स्क्रू ड्रायव्हर, जॅक आणि पसरायला जुनी सतरंजी. सकाळी जा, उजेडात. पाऊस पडत असताना किंवा गाडी नुकतीच धुतलेली असताना रंग बघू नये, ओला पत्रा सगळे दोष झाकतो.

चुंबक दाराच्या खालच्या चार बोटांवर, चाकांवरच्या कमानींवर आणि दाराखालच्या पट्टीवर, म्हणजे सिलवर फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही, पुटी (खड्डे भरायचा लेप) आहे. थोडी पुटी प्रत्येक जुन्या गाडीत असते, त्याने घाबरू नका. सिलमध्ये पुटी असेल तर मात्र घाबरा. पद्मिनी आणि ८०० या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं वजन पेलते. सिल गेली म्हणजे गाडीचा कणाच गेला.

यासाठी एक परीक्षा आहे, ती नवख्यांना कोणी सांगत नाही. मालकांची परवानगी घेऊन गाडी एका बाजूने जॅकवर उचला आणि त्या बाजूचं दार उघडून बघा. दार नेहमीसारखं उघडलं-लागलं तर बॉडी ताठ आहे. दार अडकायला लागलं, किंवा फट वरून रुंद आणि खालून चिंचोळी झाली, तर गाडी मधून वाकतेय. आणि जॅक लावताच पत्रा कुरकुरत आत गेला, तर पुढचं काही बघायची गरज उरली नाही.

मग आतले गालिचे उचला. "चिकटवलेले आहेत" असं सांगितलं तरी उचला. समोरच्या काचेखालची खोबण पानांनी तुंबते, पाणी आत उतरतं आणि पायाखालची जमीन सडते. गुलमोहराखाली उभ्या गाडीचं हे ठरलेलं दुखणं आहे, ती बारीक पानं कुठेही जातात. बॅटरीखालचा पत्रा ॲसिडने खाल्लेला असतोच. डिकीत स्टेपनीचा खड्डा बघा. ८००मध्ये बॉनेट उघडून सस्पेन्शन जिथे बॉडीला बोल्टने धरलेलं असतं, त्या दोन घुमटांभोवती स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. पद्मिनीत मागच्या पाट्यांच्या टोकांजवळ बघा. स्क्रू ड्रायव्हर टोचायचा तो खालून, न दिसणाऱ्या जागी. दारावर टोचलात तर काका तुम्हाला टोचतील.

पायाखालचा पत्रा नवीन बसवता येतो, डेंटर सपाट पत्रा कापून वेल्ड करतो. दाराची खालची कड बदलता येते. पण सिल, पाट्यांचे आधार आणि काचेखालची चौकट हे तिन्ही गेलेले असतील तर गाडी सोडा, फुकट मिळाली तरी. भाग काढायला दुसरी गाडी हवीच असते अशी समजूत काढत एकाने अशा तीन गाड्या जमवल्या. आता त्याच्याकडे तीन सडक्या गाड्या आणि एक रागावलेली बायको आहे.

काच, रबर, क्रोम

वहीत यादी करा: पुढची-मागची काच, दिव्यांच्या काचा, बंपर, पट्ट्या, ग्रिल, बिल्ले, हबकॅप, दारांची हँडलं, डॅशबोर्डवरचे काटे, स्टेअरिंग. काय नाही, ते लिहा. नसलेल्या बारीक वस्तू गोळा करण्यातच माणूस थकतो. ८००च्या बाबतीत ही चिंता कमी, पण एसएस ८०च्या आतल्या प्लॅस्टिकच्या वस्तू दुर्मीळ आहेत. पद्मिनीची मूळ ग्रिल आणि बंपर वाकलेले का असेनात, असू द्या. वाकलेलं सरळ होऊन त्यावर पुन्हा क्रोम चढतो, नसलेल्यासाठी मुंबईत चोरबाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालावा लागतो. दारा-काचांची रबरं बदलावी लागणारच, ती मोजू नका.

इंजिन

आता विचारा, सुरू होते का. नसेल होत तर उत्तमच, भाव उतरतो.

बघायचं एवढंच की ते जाम आहे की फिरतं. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पुलीच्या नटाला पाना लावून हलकेच फिरवा, पद्मिनीला हँडल असेल तर त्याने. फिरलं की झालं. फिरलं नाही तर प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं तेल सोडून दोन दिवसांनी परत या. ओढून किंवा धक्का मारून कधीही सुरू करायचा प्रयत्न नको, चिकटलेली रिंग सिलिंडरला ओरखडा काढते. डिपस्टिकवरचं ऑइल कॉफीसारखं दुधाळ असेल तर पाणी मिसळतंय. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी घातलेलं असलं की पाण्याच्या वाटा खाल्लेल्या असतात, तेव्हा रेडिएटरचं झाकण उघडून आत गंजाचा चिखल आहे का बघा. (गरम इंजिनाचं झाकण उघडू नये, हे सांगायला लागू नये.)

टाकीतलं जुनं पेट्रोल वार्निशसारखं उग्र वास मारत असेल, ते काढून टाकायचंच आहे. नवं भराल ते वीस टक्के इथेनॉलचं, आणि जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा त्याने फुगतात-तडकतात. नळ्या आधी बदला, मग पेट्रोल भरा. या क्रमात चूक केली तर आग लागू शकते, म्हणून बजावून सांगतो.

भाव आणि हिशेब

माझी १९८२ची पद्मिनी सत्तर हजारांना मिळाली. कागद चोख, सिल ताठ, इंजिन जाम. त्यानंतर पत्रा आणि रंगाला एक लाख पंचावन्न हजार, इंजिनाला साठ, क्रोमला अडतीस, ब्रेक-सस्पेन्शनला तीस, कुशनला अठ्ठावीस, टायरना वीस, वायरिंगला चौदा, आणि टोइंग-कागदपत्रांना पंधरा हजार. एकूण तीन लाख साठ हजार, आणि सव्वादोन वर्षं. यात बायकोला सांगितलेला आकडा वेगळा आहे. म्हणजे खरेदीच्या पाचपट खर्च, आणि तोही खूप कामं स्वतः करून. ८००चा हिशेब याच्या निम्म्यात बसतो, कारण तिथे क्रोम नाही आणि भाग स्वस्त.

त्यामुळे खिशात दोन लाख असतील तर दोन लाखांची गाडी घेऊ नका. चाळीस-पन्नास हजारांच्या वर जाऊ नका. आणि घासाघीस करताना दोषांची यादी वाचून दाखवू नका. ज्या गाडीतून लेक बाळंतपणाला गेली, तिला 'सडकी' म्हटलेलं कोणाला आवडेल? कागदांचा आणि नूतनीकरणाचा खर्च तेवढा शांतपणे मांडा, तो आकडा सरकारी असल्याने कोणाचं मन दुखावत नाही.

गाडी घरी आणताना

फ्लॅटबेड गाडी बोलवा. दोराने ओढून आणू नका. ब्रेक चालत नाहीत, टायर कालबाह्य आहेत आणि विमा नाही. (टायरच्या बाजूला चार आकडी छाप असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे दिसले तर तो टायर २०००च्या आधीचा.) चढवण्याआधी चाकं मोकळी आहेत का बघा. हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे ब्रेक ड्रमला चिकटलेले असतात, लाकडी ठोकळ्याने ड्रमवर सगळीकडून टकटक केली की बहुधा सुटतात.

निघताना सही केलेले फॉर्म २९ आणि ३०, आरसी, पैसे दिल्याची पावती आणि त्यावर तारीख-वेळ एवढं घ्या. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा गाडी रस्त्यावर आणण्याआधी लागतोच. पुढे गाडी तयार झाली की ठरवलेल्या किमतीवर सर्वंकष विमा मिळतो का ते कंपनीला विचारा, जुन्या गाडीची किंमत दोघांच्या संमतीने ठरवता येते. २०१९ एप्रिलच्या आधीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेटही बसवायची आहे, तेव्हा जुन्या पत्र्याच्या हाताने रंगवलेल्या पाट्या काढून जपून ठेवा. रंग बदलायचा विचार असेल तर आरसीत नोंद करावी लागते. मी मूळचाच रंग दिला, एक अर्ज वाचला.

पहिला आठवडा काहीही उघडू नका. नुसती धुवा, कोरडी करा, उंदरांचं घरटं काढा (सीटखाली असतंच), आणि प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा. शंभर नाही, चारशे. दोन वर्षांनी वायर कुठून कुठे जात होती, हे सांगणारं दुसरं कोणी नसणार. नट-बोल्टसाठी दुधाच्या धुतलेल्या पिशव्या आणि मार्करने लिहिलेल्या चिठ्ठ्या जमवायला लागा.

मग ग्लोव्ह बॉक्स उघडा. त्यात पेट्रोलच्या पावत्या, कुठल्याशा देवस्थानाचा अंगारा, एखादा चष्मा निघतो. ते सगळं एका पाकिटात घालून मूळ घरी परत नेऊन द्या. जाताना धुतलेल्या गाडीचा फोटोही न्या. आणि गप्पा रंगल्या की हळूच विचारा: दुसरी किल्ली आणि मूळ जॅक अजून त्यांच्याच माळ्यावर असतो.